न्यूटनच्या हिशोबानेही प्रकाश वाकतो, मग १९१९ ला नक्की काय ठरलं? आणि बाकीच्या थिअऱ्या कशावरून बाद झाल्या?

शेतातलं_आकाश

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाच्या गच्चीवर अमावस्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही दुर्बीण लावतो, आठ-दहा माणसं येतात, त्यात शाळेतली मुलं जास्त. मागच्या वेळी विषय १९१९ च्या ग्रहणावर गेला आणि मी नेहमीसारखं सांगितलं की आइन्स्टाईन म्हणाला सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो, इंग्रजांनी ग्रहणात फोटो काढले आणि ते खरं निघालं. त्यावर अकरावीतला एक मुलगा म्हणाला, सर पण न्यूटनच्या नियमानेही वाकतो ना, प्रकाशाला कण धरलं तर तो पण पडेलच की सूर्याकडे, दगड पडतो तसा. मग यात आइन्स्टाईनचं वेगळं काय? मी घरी येऊन बघितलं तर मुलाचं बरोबर आहे, झोल्डनर नावाच्या जर्मन माणसाने १८०१ लाच हे गणित करून ठेवलंय. शिवाय वाचताना कळलं की आइन्स्टाईनच्या काळात गुरुत्वाकर्षणाच्या दोन-चार थिअऱ्या एकाच वेळी स्पर्धेत होत्या, त्यातल्या एका फिनलंडच्या माणसाच्या थिअरीत तर प्रकाश वाकतच नाही म्हणे. हे कसं काय? ज्याला गुरुत्वाकर्षण म्हणायचं त्यात दगड पडतो आणि प्रकाश सरळ जातो, हे मला पचत नाहीये. पुढच्या शनिवारी त्या मुलाला नीट उत्तर द्यायचंय, अर्धवट नको. जाणकारांनी गणित कमी आणि समज जास्त अशा भाषेत सांगावं ही विनंती.

तिरपी_दुर्बीण

मुलाला शाबासकी द्या आधी, फार कमी जण हा प्रश्न विचारतात.

वाकतो की नाही हा मुद्दा नव्हता, किती वाकतो हा होता. न्यूटनने स्वतः १७०४ मध्ये ऑप्टिक्सच्या शेवटी प्रश्न टाकून ठेवला होता की वस्तू लांबूनच प्रकाशावर परिणाम करून त्याचे किरण वाकवतात का. झोल्डनरचं गणित छापून आलं १८०४ ला, त्याचं उत्तर ०.८४ आर्कसेकंद, म्हणजे सूर्याच्या कडेला अगदी चाटून जाणारा किरण तेवढा वाकेल. आता गंमत बघा, आइन्स्टाईनने १९११ मध्ये प्रागला असताना पहिल्यांदा हा आकडा काढला तेव्हा त्याचं उत्तर आलं ०.८३. म्हणजे झोल्डनरचंच! वाट पूर्ण वेगळी होती पण आकडा तोच. नोव्हेंबर १९१५ मध्ये पूर्ण सिद्धांत हातात आला तेव्हा आकडा दुप्पट झाला, साधारण १.७५. त्यामुळे १९१९ ला तीन उत्तरं टेबलावर होती, शून्य, ०.८७ आणि १.७५ (जुना ०.८३ नीट आकडे घातले की ०.८७ होतो).

१.७५ आर्कसेकंद म्हणजे किती हे मुलांना दाखवायचं असेल तर अडीच सेंटीमीटरचं नाणं घ्या आणि तीन किलोमीटरवर कुणाला तरी धरून उभं करा, तुमच्या डोळ्याशी त्या नाण्याचा जेवढा कोन होईल तेवढा. आपल्या पंचांगात अंश, कला, विकला असतं त्यातली विकला म्हणजेच आर्कसेकंद, पावणेदोन विकला. फोटोच्या काचेवर हे अंतर मिलिमीटरचा काही शंभरावा भाग येतं, आणि तेही सूर्याच्या कडेला, प्रत्यक्ष फोटोत आलेले तारे कडेपासून लांब होते म्हणजे आणखी कमी. काच थोडी तापली, दुर्बिणीचा फोकस जरा सरकला की तेवढी चूक सहज होते, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काचेची_प्लेट

नॉर्डस्ट्रॉमबद्दल मी सांगते, माझा फार लाडका माणूस आहे. गुन्नार नॉर्डस्ट्रॉम, हेलसिंकीचा. १९१२ आणि १९१३ मध्ये त्याने जी थिअरी मांडली ती वेडीवाकडी अजिबात नव्हती. विशेष सापेक्षता सिद्धांताशी पूर्ण जुळणारी, ऊर्जा टिकते, वस्तूचं जडत्व आणि वजन सारखंच निघतं, आणि गणित आइन्स्टाईनपेक्षा खूप सोपं, कारण गुरुत्वाकर्षण सांगायला प्रत्येक जागी एकच आकडा पुरतो, आइन्स्टाईनला दहा लागतात. स्वतः आइन्स्टाईनने सप्टेंबर १९१३ ला व्हिएन्नाच्या भाषणात ही थिअरी समोर ठेवली आणि सांगितलं की १९१४ च्या ऑगस्टमधलं ग्रहण निकाल देईल. विरोधकाला याहून जास्त मान काय देणार.

आता तुमचा मूळ प्रश्न, दगड पडतो आणि प्रकाश सरळ कसा. असं बघा. प्रकाश वाकतो कसा हे समजायला बैलगाडी डोळ्यासमोर आणा, एक चाक चिखलात गेलं की ते हळू होतं आणि गाडी चिखलाकडे वळते. प्रकाशाच्या किरणाची सूर्याकडची बाजू जर लांबून बघणाऱ्याला हळू चाललेली दिसत असेल तर किरण सूर्याकडे वळणार. म्हणजे प्रश्न एवढाच राहिला की सूर्याजवळ प्रकाश लांबून बघणाऱ्याच्या हिशोबाने किती हळू दिसतो. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, तर सूर्याजवळ घड्याळाचं काय होतं आणि पट्टीचं काय होतं हे दोन्ही बघायला लागतं.

१९११ च्या आइन्स्टाईनने फक्त घड्याळ धरलं. सूर्याजवळ घड्याळ हळू चालतं, पट्टी जशीच्या तशी, म्हणून प्रकाश थोडा हळू, वळण ०.८७. १९१५ च्या आइन्स्टाईनमध्ये घड्याळ हळू चालतंच पण पट्टीही तेवढ्याच प्रमाणात आखूड होते, म्हणजे तेवढंच अंतर कापायला जास्त पट्ट्या लागतात, दोन्ही परिणाम एकाच बाजूला पडतात आणि वळण दुप्पट. आणि नॉर्डस्ट्रॉममध्ये घड्याळ जेवढं हळू होतं तेवढीच पट्टी लांब होते! एकाने प्रकाश हळू होतो, दुसऱ्याने तेवढाच जोरात, बाकी शून्य. प्रकाशाला सूर्य आहे की नाही हे कळतच नाही. दगडाला मात्र कळतं, कारण दगड जवळजवळ जागेवरच बसलेला असतो, त्याचा सगळा प्रवास वेळेतून, त्यामुळे त्याला फक्त घड्याळाची बाजू लागते आणि तो तिन्ही थिअऱ्यांमध्ये आपला न्यूटनसारखा पडतो. म्हणून रोजच्या जगातल्या दगडधोंड्यांवरून या थिअऱ्यांमध्ये निवड करता येत नव्हती, त्यासाठी प्रकाशच लागत होता. हे पट्टी आणि घड्याळाचं चित्र मला कॉलेज संपल्यानंतर कितीतरी वर्षांनी समजलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

त्यातच आणखी एक, नॉर्डस्ट्रॉमच्या जगात प्रकाश स्वतः पडत नसला तरी आतून आरसे लावलेल्या पेटीत प्रकाश कोंडला तर पेटीचं वजन वाढतं. कारण प्रकाश भिंतींवर दाब देतो, भिंती ताणल्या जातात आणि त्या ताणाला वजन मिळतं. बरोबर तेवढंच जेवढं प्रकाशाच्या ऊर्जेचं असायला हवं. इतकी नेटकी थिअरी होती ती.

शेतातलं_आकाश

पट्टी आणि घड्याळ! हे मी फळ्यावर तीन ओळीत काढू शकतो. मनापासून आभार ताई. एक विचारतो, नॉर्डस्ट्रॉमची थिअरी ग्रहणानेच गेली का? आणि १९१४ च्या ग्रहणाचं काय झालं?

काचेची_प्लेट

बुधाने तिला आधीच अडचणीत आणलं होतं. बुधाची कक्षा दर शतकाला ४३ आर्कसेकंद जास्तीची फिरते आणि न्यूटनला त्याचा हिशोब लागत नव्हता, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिएने १८५९ मध्ये ही जास्तीची फिरत दाखवून दिली आणि त्यासाठी व्हल्कन नावाचा ग्रहच कल्पून टाकला, लोकांनी तो वर्षानुवर्षं शोधला. असाफ हॉल या खगोलशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये तर न्यूटनच्या नियमालाच हात घातला, गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं त्यातला घातांक २ च्या जागी २.००००००१६ करून बघा म्हणाला, बुध जुळतो! पण तोच घातांक चंद्राला लावला की चंद्र बिघडतो, म्हणून तेही गेलं. नॉर्डस्ट्रॉममध्ये बुधाची कक्षा उलट्या दिशेने फिरते, शतकाला सात-एक आर्कसेकंद. आइन्स्टाईनच्या १९१५ च्या सिद्धांतात ४३ तंतोतंत आले.

१९१४ चं ग्रहण २१ ऑगस्टला रशियात दिसणार होतं. बर्लिनचा खगोलशास्त्रज्ञ फ्रॉइंडलिश दुर्बिणी घेऊन क्रिमियाला गेला आणि तिथे असतानाच महायुद्ध सुरू झालं, जर्मन माणूस दुर्बिणी घेऊन रशियात, पकडलं त्याला, नंतर कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोक कीव्हजवळ होते, त्यांना कुणी पकडलं नाही पण ढग आले. आता विचार करा, त्या दिवशी ढग नसते आणि युद्ध नसतं तर काय झालं असतं. तेव्हा स्पर्धेत होते नॉर्डस्ट्रॉमचं शून्य आणि आइन्स्टाईनचं जुनं ०.८७. निसर्गाचं उत्तर १.७५. म्हणजे दोघंही चुकले असते! मला कायम वाटतं की शिकवताना हा भाग गाळला जातो आणि त्यामुळे मुलांना वाटतं आइन्स्टाईनने पहिल्या दिवसापासून बरोबर सांगितलं आणि जगाने नंतर मान डोलावली.

नॉर्डस्ट्रॉमने पुढे स्वतःच आइन्स्टाईनचा सिद्धांत स्वीकारला, लायडनला जाऊन त्यावर काम केलं आणि विद्युतभार असलेल्या कृष्णविवराचं जे गणित आज शिकवतात त्याला रायसनरबरोबर याचंच नाव आहे. १९२३ मध्ये गेला, वयाच्या ४२ व्या वर्षी.

गच्चीवरचा_वारा

सगळं ठीक आहे पण १९१९ च्या निकालाबद्दल एवढं छातीठोक बोलू नका. ग्रहणाचे फोटो काढायला गेलेल्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनला आइन्स्टाईन जिंकायलाच हवा होता, युद्धानंतर इंग्लंड-जर्मनी समेट वगैरे. तीन दुर्बिणींपैकी एकीचा निकाल ०.९३ आला होता म्हणजे न्यूटनच्या बाजूचा, तो बाजूला टाकला आणि बाकीचे दोन दाखवले. हे आपल्या मुलांना सांगणार आहात का?

तिरपी_दुर्बीण

सांगायलाच हवं, पण पूर्ण सांगू. दोन तुकड्या होत्या, एडिंग्टन आणि कॉटिंगहॅम आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर, आणि क्रॉमेलिन, डेव्हिडसन ब्राझीलच्या सोब्राल गावी. प्रिन्सिपेला ढगच होते, पाच मिनिटांच्या खग्रासात १६ काचा काढल्या आणि कामाला आल्या दोन, त्यांवर पाच-पाच तारे, निकाल १.६१ आणि त्यात इकडेतिकडे होण्याची कड मोठी, ०.३०. सोब्रालला आकाश स्वच्छ पण मोठ्या दुर्बिणीचं काम बिघडलं, तिला प्रकाश देणारा आरसा उन्हात तापला आणि फोकस सरकला, तारे ठिपक्यांसारखे न येता पसरलेले आले. ०.९३ यातून आलं. आणि राखीव म्हणून बरोबर नेलेली चार इंची छोटी दुर्बीण, तिच्या सात काचांवर सात-सात तारे सुरेख टोकदार आले, निकाल १.९८, कड ०.१२.

म्हणजे न्यूटनच्या बाजूचा निकाल फेकला हे खरं, पण तो बिघडलेल्या प्रतिमांचा होता हे काचेकडे बघून कळत होतं, आणि त्याला कमी वजन देण्याचा निर्णय एडिंग्टनचा नव्हता. सोब्रालच्या काचा ग्रिनिचला, तिथल्या वेधशाळेचा प्रमुख डायसन याच्या हाताखाली मोजल्या गेल्या. एडिंग्टनचा कल होता हे मीही मान्य करतो, पण त्याचा स्वतःचा निकाल सगळ्यात कमकुवत होता, वजन पडलं ते चार इंचीचं. १९७० च्या दशकाच्या शेवटी रॉयल ग्रिनिच वेधशाळेच्या लोकांनी त्याच सोब्रालच्या काचा नव्या मशीनवर परत मोजल्या, तर मोठ्या दुर्बिणीचा बिघडलेला निकालही १.५५ वर आला आणि छोटीचा १.९० वर. आणि १९१९ वर कुणी थांबलंही नाही, सप्टेंबर १९२२ ला ऑस्ट्रेलियात वॉलाल इथे लिकच्या कॅम्पबेल आणि ट्रंपलरने १.७२ आणलं. त्याच वॉलालला आपल्या कोडाईकॅनॉल वेधशाळेचा एव्हरशेडही गेला होता पण त्याची उपकरणं नीट चालली नाहीत आणि हाती काही लागलं नाही.

गच्चीवरचा_वारा

डायसनचा आणि परत मोजलेल्या काचांचा भाग मला माहीत नव्हता. तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे घेतो. पण मग सूर्याच्या वातावरणाने प्रकाश वाकला नाही कशावरून? सकाळी उगवताना सूर्य आपल्या हवेमुळेच वर उचललेला दिसतो, तसं सूर्याभोवतीच्या वायूने होऊ शकतं. नवीन थिअरी कशाला पाहिजे?

तिरपी_दुर्बीण

हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं. तुमच्याच म्हणण्याने चालू. तेवढं वळण वायूने यायचं तर सूर्याच्या पृष्ठभागापासून एक त्रिज्या वर, म्हणजे सात लाख किलोमीटर उंचीवर, अपवर्तनांक (वायू प्रकाशाला किती हळू करतो त्याचा आकडा, पोकळीत तो १) १.०००००२१ पाहिजे. ऐकायला काहीच नाही वाटत, पण आपली हवा तिथे भरायची तर आपल्या इथल्या हवेच्या १४० व्या भागाइतकी दाट भरावी लागेल. लाखो किलोमीटर जाडीचा एवढा दाट वायू असता तर त्यातून मागचे तारे दिसलेच नसते. आणि १८८२ चा मोठा धूमकेतू सूर्याच्या पृष्ठभागापासून पाच लाख किलोमीटरच्याही आतून गेला आणि बाहेर पडला, वेग घटला नाही. एवढ्या दाट हवेत सेकंदाला शेकडो किलोमीटरने घुसलेल्या धूमकेतूचं काय झालं असतं ते उल्का बघणाऱ्याला सांगायला नको.

नंतर रेडिओने तर प्रश्नच मिटवला. दर ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य ३सी २७९ नावाच्या क्वेसारसमोरून (फार लांबच्या दीर्घिकेचं तेजस्वी केंद्र, रेडिओतही दिसणारं) जातो, तिथे ग्रहणाची वाटच बघावी लागत नाही. सूर्याचा प्रभामंडल रेडिओ लहरी वाकवतो खरा, पण वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वेगवेगळा, आणि गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखं वाकवतं, त्यामुळे दोन फ्रिक्वेन्सीवर मोजलं की वायूचा वाटा वेगळा काढून टाकता येतो. १९७० च्या दशकात हे मोजमाप टक्क्याच्या आसपास अचूक झालं आणि त्यात गुरुत्वाकर्षणाची आणखी एक पर्यायी थिअरी, ब्रान्स-डिकीची १९६१ ची, अडचणीत आली, कारण तिच्यातला मोकळा आकडा डिकीने जेवढा धरला होता त्याने वळण सात-एक टक्के कमी यायला हवं होतं. २००२ मध्ये शनीकडे निघालेलं कॅसिनी यान सूर्याच्या मागे गेलं तेव्हा त्याच्या रेडिओ सिग्नलवरून पट्टीची बाजू घड्याळाच्या बाजूइतकीच आहे हे लाखात दोन-तीन भागांपर्यंत तपासलं गेलं. १९११ च्या हिशोबाने पट्टीची बाजू शून्य यायला हवी होती आणि नॉर्डस्ट्रॉमच्या हिशोबाने उणे एक, आली एक.

कोल्हापुरी_लिंबू

उशिरा आलो पण आपल्या माणसाचं नाव नाही आलं म्हणून लिहितोय. जयंत नारळीकर, आमच्या कोल्हापूरचा जन्म. १९६४ मध्ये केंब्रिजला फ्रेड हॉइलबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाची वेगळी थिअरी मांडली, त्यात वस्तूचं जडत्व हे तिचं स्वतःचं नसून विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे येतं. ती पण या टाकून दिलेल्या यादीत बसते का? मला ते वाचून वाईट वाटलं होतं म्हणून विचारतो.

काचेची_प्लेट

वाईट वाटून घेऊ नका दादा. ती थिअरी प्रकाशाच्या वळणावर अजिबात हरलेली नाही. विश्वात वस्तू भरपूर आणि सगळीकडे पसरलेल्या आहेत असं धरलं की तिच्यातून आइन्स्टाईनचीच समीकरणं बाहेर येतात, म्हणजे सूर्याजवळ उत्तर १.७५ च. तिच्यावरचा आक्षेप वेगळ्या जागी होता, १९६४ मध्ये रॉयल सोसायटीत तरुण हॉकिंगने उभं राहून म्हटलं की प्रसरण पावणाऱ्या विश्वात यातली एक बेरीज अनंत होते. आणि ज्या स्थिर विश्वाच्या चित्राशी (विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच दिसतं) हॉइल जोडले गेले होते त्याला पुढच्या वर्षी सापडलेल्या, विश्वाच्या गरम सुरुवातीची खूण मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाने मोठा धक्का दिला. नारळीकर सरांनी तरी शेवटपर्यंत पर्यायी विचार सोडला नाही, १९८८ ला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी केली आणि तिथे मुख्य प्रवाहातल्या मुलांनाही तेवढंच उघडं दार ठेवलं. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मी आयुकाच्या रस्त्यावरून जाताना थांबले होते जरा वेळ.

आणि शेतातलं_आकाश, तुमच्या मुलांसाठी एक राहिलंच. २९ मे १९१९ ही तारीख एडिंग्टनला एवढी आवडली का? कारण त्या दिवशी सूर्य हायाडीस तारकासमूहासमोर असतो, तेजस्वी ताऱ्यांचा घोळका, वर्षातली यापेक्षा चांगली पार्श्वभूमी नाही. हायाडीस म्हणजे आपल्या रोहिणीच्या आजूबाजूचे तारे. २५ मे च्या सुमाराला सूर्य रोहिणीत जातो, तुमच्याकडे धूळपेरणीची घाई असते ते दिवस.

शेतातलं_आकाश

रोहिणी! माझे वडील अजूनही रोहिणीत आभाळाकडे बघून पेरणी ठरवतात आणि मला इतकी वर्षं कधी सुचलं नाही की त्याच सूर्यामागे ते सात तारे होते. मग शनिवारी असं करतो, आधी फळ्यावर घड्याळ आणि पट्टीच्या तीन ओळी, शून्य, ०.८७, १.७५, मग मुलांना दुर्बिणीतून रोहिणीचा व्ही दाखवतो, सध्या संध्याकाळी पूर्वेला वर येतोच आहे. आणि गच्चीवरचा_वारा यांचा आक्षेपही मुलांसमोर मांडतो, धूमकेतूच्या उत्तरासकट. एक शंका अजून, नॉर्डस्ट्रॉमसारखी एकाच आकड्याची थिअरी गुरुत्वीय लहरींवरून पण ओळखता येते का? आमच्यापासून हिंगोली फार लांब नाही, औंढा नागनाथजवळ लायगो (गुरुत्वीय लहरी पकडणारं यंत्र) होणार म्हणून मुलं विचारतात.

तिरपी_दुर्बीण

येते. गोल रिंगण घ्या, एकाच आकड्याच्या थिअरीत लहर आली की ते रिंगण सगळ्या बाजूंनी सारखं फुगतं आणि आकसतं, छाती श्वासाने होते तसं. आइन्स्टाईनच्या लहरीत ते एका दिशेला ताणलं जातं तेव्हा काटकोनातल्या दिशेला दाबलं जातं. पण एका जागच्या यंत्राला हा फरक नीट दिसत नाही, पृथ्वीवर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेली यंत्रं लागतात. अमेरिकेत दोन आहेत, इटलीत व्हर्गो आहे, ऑगस्ट २०१७ ला तिघांनी मिळून एक लहर पकडली आणि ती ताणणाऱ्या-दाबणाऱ्या प्रकाराशीच जुळली. औंढ्याचं यंत्र पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या कोनात असेल, त्यामुळे हे तपासायला त्याचा उपयोग मोठा आहे. मुलांना दोरीचं रिंगण करून दोन्ही प्रकार हाताने ओढून दाखवा, आठ-दहा जण आहेत म्हणता ना, तेवढे पुरतात.